पाणी काढलंय

शाळेच्या व्हरांड्यातली फरशी कितीही पुसली तरी पुन्हा ओली होत होती. टेकडीवरून उतरणारा प्रत्येकजण पायाला चिखल घेऊन येत होता. वनमालानं त्यातल्या त्यात कोरडा तुकडा बघितला, पदरानं टिपला आणि शिपायाकडे कपाटाची किल्ली मागितली. पालिकेच्या याच शाळेत बालवाडीची पोरं सांभाळण्यात तिचा उभा जन्म गेला होता. खडू कुठल्या खणात असतात हे तिला विचारावं लागलं नाही.

"घर काढून दाखवा, आजी," एनडीआरएफच्या पथकाचे साहेब म्हणाले. त्यांच्या हेल्मेटवरून अजून पाणी ठिबकत होतं. "दार कुठे, मोरी कुठे, माणूस झोपतो कुठे. मशीन एवढ्या वर चढत नाही, सगळी माती हातानं काढायची आहे. आणि सगळीकडे एकदम हात घातला तर वरची दरड पुन्हा खाली येईल. एकच जागा सांगा."

गुडघे कुरकुरत होते तरी ती फरशीवर बसली. एक लांबट चौकोन काढला. मध्ये भिंत. पुढे बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला पाठ लावून टेकडी. सातेरीनगरातली ही खोली दादानं, म्हणजे सीतारामनं, गिरणी बंद पडली त्या वर्षी घेतली होती. तेव्हा आसपास करवंदीची झुडपं होती आणि घाटकोपर स्टेशनवरून टेकडी नुसती हिरवी दिसायची.

निलेश तिच्या शेजारी उकिडवा बसला. दादाचा थोरला. पहाटे फोन गेल्या गेल्या तो बोरिवलीहून निघाला होता आणि आरेच्या रस्त्यानं, पडलेल्या झाडांखालून स्कूटर ढकलत पोचला होता. रेनकोट काढायचंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

"बाबा इथे," त्यानं दाराशेजारी बोट टेकवलं. "दाराला लागून खाट आहे. जन्मापासून बघतोय मी."

वनमालानं तिथे फुली मारली.

"नक्की ना?" साहेबांनी विचारलं. विचारताना ते निलेशकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते.

"नक्की," वनमाला म्हणाली. "दादा दाराशीच झोपतो. गिरणीत तिसरी पाळी करायचा तेव्हापासून. जाता-येता कुणाची झोप मोडायला नको म्हणून."

हे सांगताना तिला स्वतःलाच आधार वाटला. तिच्या डोळ्यांपुढे लालबागची जुनी खोली आली. रात्रभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहून दादा सकाळी यायचा, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले. वहिनी तो यायच्या आधी उठून चुलीवर अंघोळीच्या पाण्याचा हंडा चढवायची. दादानं दाराशी चप्पल काढली की आतून तिचा आवाज यायचा, पाणी काढलंय. एवढेच दोन शब्द. दोघं नवराबायको दिवसभरात तेवढंच बोलतात, अशी चाळीत थट्टा व्हायची.

साहेबांनी मोबाइलवर फरशीचा फोटो काढला आणि ते पायऱ्या चढून दिसेनासे झाले.

आदल्या संध्याकाळी पालिकेची माणसं भोंगा घेऊन गल्लीगल्लीत फिरली होती. रेड अलर्ट आहे, टेकडीच्या कडेच्या लोकांनी शाळेत यावं, जेवणाची सोय केली आहे. वॉर्ड ऑफिसातल्या ऋता मॅडम तर प्रत्येक दार वाजवत होत्या. पावसात भिजून भिजून त्यांचा आवाज बसला होता. बरीच माणसं उतरली. दादा उतरला नाही. वनमाला टेकडीच्या पायथ्याशी राहायची; तिनं त्याला फोन केला होता.

"काय करतोस वर? ये ना खाली," ती म्हणाली होती.

"सकाळी उतरतंय गो," तो म्हणाला होता. बहिणीशी बोलताना त्याची मालवणी अजून तशीच यायची. "श्वेता सकाळी ड्युटीवरसून येतली. दार बंद दिसला तर ती खंय जातली?"

"तुझी सून काय कुकुलं बाळ आहे? तिला शाळेत यायला सांगते."

"रात्रभर उभ्यान काम करून येता ती. माका काय होवचा नाय. तू झोप."

हट्टी आहे मेला, असं म्हणून तिनं फोन ठेवला होता. आणि पहाटे सगळी टेकडी हलल्यासारखा आवाज झाला होता.

दादाच्या शेजारच्या खोलीतली शकु सकाळीच जिवंत बाहेर निघाली. खाट उलटी होऊन तिच्यावर पडली होती आणि त्या खाटेखाली हवा राहिली होती. तिला स्ट्रेचरवरून नेताना सगळा व्हरांडा तिच्या तोंडाकडे बघत होता. त्यानंतर वनमालाच्या मनातली आशा एकदम मोठी झाली. दादाचीही खाट होती. लोखंडी होती.

"निल्या," तिनं हळूच विचारलं होतं, "श्वेताला कळवायला हवं ना?"

"कशाला?" तो म्हणाला. "वांद्र्याहून येणार कशी ती? कुर्ल्याला सगळं पाण्यात आहे. वाटेत ऐकून घाबरेल, काहीतरी करून बसेल. आली की कळेलच."

वनमालानं हातातला फोन पुन्हा पिशवीत ठेवला. त्याच्या बोलण्यात काळजी होती, नाही असं नाही. पण त्या काळजीखाली दुसरंही काही होतं आणि ते तिला ओळखू येत होतं, कारण ते तिच्यातही होतं.

सर्वेश, दादाचा धाकटा, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याची बायको श्वेता माहेरी सावंतवाडीला जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. नर्सिंग होममधली रात्रपाळी करत राहिली आणि सासऱ्याबरोबर त्याच दोन खोल्यांत राहिली. निलेशचं म्हणणं, बाबांनी बोरिवलीला यावं आणि तिनं आपली वेगळी वाट धरावी. गेल्या भाऊबीजेला तो विषय निघाला तेव्हा वनमालानं निलेशची री ओढली होती. तरुण बाई, म्हातारा सासरा, लोक काय बोलतील याचा विचार नको का, असं ती भर पंगतीत म्हणाली होती. पानातला भात तसाच टाकून दादा उठला होता आणि पायऱ्या चढून घरी गेला होता. त्यानंतर वनमाला वर गेली नव्हती. गुडघे दुखतात, असं ती सांगायची.

वरून एक शिट्टी वाजली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी गप्प व्हायचं, हे सकाळपासून साऱ्यांना कळून चुकलं होतं. मातीखालून कुणी हाक मारतंय का ते जवान ऐकायचे. पत्र्यावरचा पाऊस तेवढा गप्प होत नव्हता. व्हरांड्यातल्या बायका श्वास धरून बसल्या. मग दुसरी शिट्टी झाली आणि घमेल्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"आजी, आम्ही पण घर काढू?" टेकडीवरची तीन-चार पोरं तिच्याभोवती जमली होती.

"काढा की," ती म्हणाली आणि प्रत्येकाला खडूचा तुकडा दिला. "चुकलं तर घाबरायचं नाही. काय करायचं?"

"ओल्या हातानं पुसायचं," पोरं एका सुरात म्हणाली. तिच्या बालवाडीत शिकलेल्यांची ही पोरं. आईबापांनी घरी शिकवलं असणार.

पोरांनी फरशीभर घरं काढली. एकीनं घरामागे टेकडी काढली आणि टेकडीवर फुलं काढली. वनमाला तिच्याकडे बघत राहिली आणि छान आहे म्हणाली.

दुपार झाली तेव्हा शाळेच्या फाटकातून श्वेता आली.

कमरेपर्यंत काळं पाणी चढलेलं, पांढऱ्या गणवेशाचा रंग ओळखू येत नव्हता, चपला हातात. वांद्र्याहून कुर्ल्यापर्यंत आणि कुर्ल्याहून इथवर ती चालत आली होती. फाटकाशी तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती धावली नाही. एकेक पाऊल ठेवत व्हरांड्यात आली, वनमालाकडे बघितलं, निलेशकडे बघितलं.

"कुठपर्यंत खणलंय?"

"पोचतील आता," निलेश म्हणाला. "बाहेरच्या खोलीची अर्धी माती काढली. खाटेपर्यंत..."

"खाटेपर्यंत कशाला?"

श्वेताची नजर फरशीकडे गेली. पोरांच्या घरांच्या मधोमध तो लांबट चौकोन होता आणि दाराशेजारी फुली होती.

"हे कुणी काढलं?"

"मी," वनमाला म्हणाली.

"बाबा इथे नाही झोपत, आत्या."

ती खाली बसली. ओल्या तळव्यानं तिनं ती फुली पुसून टाकली. खडू नव्हता, म्हणून चिखलाचं बोट स्वयंपाकघरात टेकवलं, टेकडीकडच्या कोपऱ्यात. "इथे झोपतात. गॅसच्या ओट्यापाशी. डोकं मोरीच्या बाजूला."

ऋता मॅडम खांबाशी उभ्या होत्या. त्यांनी पुढचं ऐकायची वाट बघितली नाही. वॉकीटॉकी तोंडाशी धरून त्या बोलायला लागल्या. जागा बदला. मागची खोली. ओट्याजवळ, टेकडीच्या बाजूला. हो, आत्ताच समजलंय.

"स्वयंपाकघरात?" निलेश म्हणाला. "बाबा?"

"वर्ष होत आलं."

"बाबांना ओट्याखाली झोपवलंस तू? आणि खाट आपल्याला घेतलीस?"

"निल्या," वनमाला म्हणाली.

"थांब आत्या. विचारू दे. चांगला सुखाचा माणूस होता तो, दाराशी वाऱ्याला झोपणारा."

श्वेता त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतकं चालून आल्यावर रागाला बळ उरलं नसावं.

"मी सकाळी येते, भावोजी. मला उजेडात झोपावं लागतं, आणि आतल्या खोलीत वारा नाही. बाबा म्हणाले, तिसऱ्या पाळीच्या माणसाला झोप मिळायला हवी, तू दाराशी खाटेवर झोप. मी नाही म्हणाले. ते ऐकतात थोडेच? स्वतःच वळकटी उचलून आत गेले. म्हणाले, ओट्याशी झोपलो की उठल्या उठल्या पाणी ठेवता येतं. मी यायच्या आधी त्यांनी माझ्या अंघोळीचं पाणी तापवलेलं असतं. मी दाराशी चप्पल काढली की आतून म्हणतात..." ती थांबली. "म्हणतात, पाणी काढलंय."

निलेशचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्यानं ते शब्द कुणाच्या तोंडून ऐकले होते, ते वनमालाला ठाऊक होतं. लालबागच्या खोलीत, अंथरुणात डोळे मिटून पडल्या पडल्या, रोज सकाळी.

"मला का नाही सांगितलं कुणी?" तो म्हणाला.

"त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. निल्याला कळलं तर म्हणेल, सुनेनं बापाला मोरीशी टाकला." मग ती वनमालाकडे वळली. "फोन का नाही केलात, आत्या? माझा चालू होता. सकाळपासून मी बाबांना लावत होते. लागत नव्हता, म्हणून म्हटलं शाळेत असतील, चार्जिंग संपलं असेल. तुम्ही मला एकदा विचारलं असतं."

आदल्या रात्रीचं दादाचं बोलणं वनमालाच्या कानात जसंच्या तसं होतं. दार बंद दिसलं तर ती कुठे जाईल. त्यात सगळं होतं. ऐकताना तिनं त्याचा हट्ट तेवढा ऐकला होता. आणि खडू हातात घेऊन बसली तेव्हा तिनं जे घर काढलं ते दादाचं आजचं घर नव्हतं. वहिनी होती, सर्वेश होता, तेव्हाचं घर होतं. गेल्या भाऊबीजेनंतर त्या घरात काय बदललं ते बघायला ती वर चढलीच नव्हती.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

श्वेतानं मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते कळलं नाही.

निलेश पायऱ्यांकडे निघाला. एका जवानानं त्याला अडवलं तेव्हा तो खालच्या वळणावरच घमेली देणाऱ्या माणसांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. वरून येणारं घमेलं घ्यायचं, खालच्याला द्यायचं. वनमाला लांबून त्याचा निळा रेनकोट बघत राहिली. ऑफिसात बसणारा माणूस, पण हात थांबत नव्हते.

शिट्टी वाजली. सगळं गप्प झालं. वनमालानं श्वेताचा हात धरला. हात गार होता आणि श्वेतानं तो काढून घेतला नाही. पोरांनाही काहीतरी कळलं असावं. त्यांनी खडू खाली ठेवले.

दुसरी शिट्टी व्हायला फार वेळ लागला. ती झाल्यावर घमेली पुन्हा सुरू झाली नाहीत.

सीतारामला खाली आणलं तेव्हा पाऊस थोडा उघडला होता. चादरीत गुंडाळलेला देह एवढासा दिसत होता. जवानांनी स्ट्रेचर व्हरांड्याच्या कडेला टेकवलं, हेल्मेटं काढली आणि मागे सरकले. श्वेता जवळ गेली. चादर बाजूला करून तिनं कपाळावरची माती आपल्या ओढणीनं पुसली, मग कानामागची, मग भुवयांतली, जशी ती वॉर्डात कुणाचीही पुसत असेल, न घाबरता, न घाई करता. शेवटी तिनं त्याच्या पापण्यांवर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला.

"ओट्यापाशीच होते," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "ताईंनी सांगितलं तिथेच. पाण्याचं पातेलं हाताशी होतं."

निलेश पुढे आला. चेहऱ्यावर माती, डोळे लाल. "साहेब, सकाळीच ही जागा सांगितली असती तर?"

साहेबांनी निलेशकडे बघितलं, मग फरशीवरच्या चित्राकडे. "मागच्या बाजूला पहिला मार बसला होता," ते म्हणाले. "झोपेतच गेले असणार. त्यांना काही कळलं नसेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

वनमालानं मान खाली घातली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. संध्याकाळ होऊन गेली तरी न्यायला कुणी आलेलं नसतं आणि पोर रडायला लागतं, तेव्हा आत्ता येईल हं आई, म्हणताना तिचा स्वतःचा आवाज असाच व्हायचा. त्यात खोटं किती आणि खरं किती, हे पोराला कधी कळायचं नाही. तिलाही ते आता कळायचं नव्हतं. निलेशनं तिच्याकडे बघितलं, पण साहेबांना पुन्हा विचार, असं दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, रुग्णवाहिका दादाला घेऊन गेली. उद्याशिवाय देह मिळणार नव्हता. निलेश सोबत जायला निघाला, पण नातेवाइकांनी सकाळीच यावं, असं पोलिसांनी त्याला सांगितलं. तो फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

श्वेता चौथीच्या वर्गात भिंतीला टेकून बसली होती. त्याच गणवेशात. बायकांनी तिला कोरडी साडी दिली होती; ती घडी तशीच मांडीवर होती. कुणी चहा पुढे केला, तो निवला. वनमालानं दोनदा तिला हाक मारली. ती ऐकत होती, पण उठत नव्हती.

मैदानातल्या मांडवात पालिकेची खिचडी शिजत होती. वनमाला भिंतीला धरत तिथवर गेली.

"बाळा, एक बादली ऊन पाणी दे रे."

"आजी, पाणी जेवणापुरतं आहे," आचारी म्हणाला. मग त्यानं तिच्याकडे बघितलं, मोठ्या पातेल्यावरचं झाकण सरकवलं आणि बादली काठोकाठ भरली.

तिला ती उचलवेना. दोन पावलं गेली आणि पाणी हिंदकळलं. कुणीतरी मागून बादलीची कडी धरली. निलेश होता. त्यानं बादली घेतली आणि व्हरांड्यातून चालू लागला. मध्ये फरशीवर पोरांची घरं होती. त्यांवर पाणी सांडू नये म्हणून तो कडेकडेनं, भिंतीला लागून गेला.

वर्गाला लागून बाईंची जुनी न्हाणी होती. तिथे त्यानं बादली ठेवली. तांब्या शोधला, बाहेरच्या माठावर सापडला, तो पाण्यात सोडला. वाफ वर यायला लागली. मग तो चौथीच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. आत वाकून बघितलं नाही. चौकटीला हात लावून बाहेर मैदानाकडे तोंड करून उभा राहिला, आणि बराच वेळ त्याच्या तोंडून आवाज फुटला नाही. वनमालाला वाटलं, आपणच म्हणावं. पण ती थांबली.

"श्वेता," तो म्हणाला. "पाणी काढलंय."

आत काही हललं नाही. मग साडीची घडी फरशीवर घसरल्याचा आवाज आला, आणि भिंतीला हात टेकत ती उठली.